पाणी पन्नाशीत आलं की: न्यू जर्सीत वसंतातला बास गरवताना

मार्च सरत आला की एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसरकडच्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर विचारणा सुरू होते: मासे गरवायला कुठे जायचं, रॉड कुठला घ्यायचा, लायसन्स लागतं का? लायसन्स लागतं. रॉड साधा चालतो. आणि जागेचं म्हणाल, तर घरापासून वीसेक मिनिटांवर बास असलेलं एखादं तळं बहुतेकांना सापडतं. मासा लागणार की नाही, हे मात्र त्या दिवशी पाणी किती गरम आहे त्यावर ठरतं. म्हणून या लेखात रॉड-रिळापेक्षा थर्मामीटरबद्दल जास्त लिहिलंय.

हे सगळं मध्य आणि उत्तर न्यू जर्सी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं आहे. फ्लोरिडात हाच खेळ जानेवारी-फेब्रुवारीत चालू असतो, मिनेसोटात मे महिना उजाडतो. तुम्ही दुसऱ्या राज्यात असाल तर तारखा आणि नियम तिथले बघा. तापमानाचे आकडे थोड्याफार फरकाने तेच राहतात.

आधी कायद्याचं

गोड्या पाण्यात गरवायला सोळा ते एकोणसत्तर वयाच्या रहिवाशांना लायसन्स लागतं. न्यू जर्सी फिश अँड वाइल्डलाइफच्या साइटवर ते घरबसल्या निघतं. ते कॅलेंडर वर्षापुरतं असतं, त्यामुळे नोव्हेंबरात काढलं तरी ३१ डिसेंबरला संपतं. काढायचंच तर मार्चमध्ये काढा आणि पूर्ण हंगाम वापरा. रहिवासी दर मिळायला राज्यात सहा महिने राहिलेलं असावं लागतं. नुकतेच पुण्याहून उतरला असाल तर बिगर-रहिवासी दराने घ्यावं लागेल. सोळाच्या आतल्या मुलांना काहीच लागत नाही.

आईबाबा उन्हाळ्याला आले असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा. सत्तरीनंतरची सूट इथल्या रहिवाशांसाठी आहे. पाहुणे पंचाहत्तरीचे असले तरी त्यांनी हातात रॉड धरला की लायसन्स हवं. "जरा धरतो फक्त" हे कॉन्झर्व्हेशन पोलीस ऑफिसरला सांगण्याची वेळ येऊ देऊ नका. थोड्या दिवसांचं लायसन्स मिळतं, तेवढं काढून टाका.

आता सगळ्यांत महत्त्वाचा नियम. १५ एप्रिल ते १५ जून या काळात राज्यात लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ बास ठेवता येत नाही. पकडायला हरकत नाही, पण लगेच सोडायचा. बाकीच्या वर्षात सर्वसाधारण मर्यादा दिवसाला ५ मासे, प्रत्येक किमान १२ इंच. काही तळ्यांचे आणि डेलावेअर नदीचे नियम वेगळे आहेत, म्हणून दरवर्षीचं डायजेस्ट, म्हणजे राज्याची नियमांची पुस्तिका, एकदा वाचून घ्या. ते फुकट मिळतं आणि कंटाळवाणंही नाही. हे दोन महिने मुद्दाम निवडलेले आहेत: बासची वीण याच काळात होते, आणि या लेखातलं बरंचसं याच दिवसांबद्दल आहे.

कुठला बास?

इथे 'बास' म्हटलं की गोंधळ होतो. रारिटन बे आणि किनाऱ्यावर वसंतात ज्याच्यामागे सगळे लागतात तो स्ट्राइप्ड बास. तो समुद्रातला, त्याचे नियम वेगळे, सामान वेगळं. आपल्या तळ्यातला लार्जमाउथ हा सनफिशच्या कुळातला. अंगाने हिरवट, कुशीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत काळपट पट्टा, आणि तोंड मिटलं तरी जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेला. त्याचा चुलतभाऊ स्मॉलमाउथ तपकिरी, अंगावर उभे पट्टे, जबडा डोळ्याखालीच थांबतो. तो डेलावेअर नदीत आणि खडकाळ, स्वच्छ तळ्यांत जास्त. नवख्याने लार्जमाउथपासून सुरुवात करावी. तो उथळ पाण्यात, काठाजवळ, लाकडाफांद्यांत राहतो, म्हणजे होडी नसलेल्या माणसाच्या आवाक्यात असतो.

मोठा म्हणजे केवढा? न्यू जर्सीचा विक्रम १० पौंड १४ औंसांचा, १९८० साली मेनॅन्टिको सँड वॉश पाँडमधला. तुम्हाला लागेल तो बहुधा एक ते दोन पौंडांचा असेल. चार पौंडांचा लागला तर दोन दिवस ऑफिसात तेच सांगत बसाल. मोठे मासे बहुतेक माद्या असतात, आणि वसंतात त्यांच्या पोटात गाबोळी भरलेली असते. वर्षातला सगळ्यांत वजनदार मासा याच दिवसांत लागतो, त्याचं कारण हेच.

पाण्याचं कॅलेंडर

एक साधा थर्मामीटर घ्या, मत्स्यटाकीचा चालेल. त्याला दोरी बांधा आणि काठापासून जरा आत, दोन-तीन फूट खाली सोडा. मिनिटभर थांबून वाचा. उन्हाळलेल्या दुपारी वरचा थर पाच-सहा अंशांनी गरम लागतो आणि फसवतो, म्हणून शक्यतो सकाळचा आकडा धरा. खाली सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये आहेत.

पाणी ४५ च्या खाली असेपर्यंत बास खोल पाण्यात सुस्त पडलेला असतो. त्याला तिथून हलवायला काठावरून जाणाऱ्या माणसाकडे फारसं काही नसतं. घरी बसा, रिळाला तेल द्या.

४८ ते ५५. मध्य जर्सीत साधारण मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य. मासे खोल पाण्यातून उथळाकडे निघतात, पण एका दमात येत नाहीत. वाटेत थांबतात. तळ्यात घुसलेलं जमिनीचं टोक, पुलाचे खांब, धरणाच्या भिंतीचे दगड, आत शिरलेल्या कोपऱ्याचं तोंड: जिथे उथळ पट्टा संपून पाणी एकदम खोल होतं तिथे हे थांबे. माणूस नवा असेल तर तो थेट कोपऱ्याच्या टोकाला, सर्वांत उथळ जागी जाऊन उभा राहतो. मासा तेव्हा अजून तोंडाशीच असतो.

५५ ते ६०. माझ्या मते वर्षातला सगळ्यांत सोन्याचा काळ. माद्या भुकेल्या, नर उथळात येऊन जागा धुंडाळणारे, आणि दोघंही चालत्या लुरच्या, म्हणजे नकली आमिषाच्या, मागे धावणारे. दोन-तीन दिवस सलग ऊन पडलं, रात्रीही थंडी उतरली नाही, की तिसऱ्या दिवशी दुपारी कामातून लवकर सुटायचं बघा. पहिल्या उबदार दिवशी फार अपेक्षा ठेवू नका. हवा तापते लगेच, पाणी मात्र मागून सावकाश येतं.

६० ते ७०. घरट्यांचा काळ, मध्य जर्सीत एप्रिलअखेरपासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, हॉपटकाँगसारख्या उत्तरेकडच्या मोठ्या तळ्यात त्याहून उशिरा. सगळे मासे एकदम वीत नाहीत. एकाच तळ्यात काही घरट्यावर, काही अजून वाटेत, काही मोकळे झालेले, असे तिन्ही सापडतात. पौर्णिमेला मोठी लाट येते असं जुने गरवणारे सांगतात. मी तरी आधी थर्मामीटर बघतो, चंद्र नंतर.

मध्येच थंडीची लाट आली तर? एप्रिलमध्ये ती येतेच. पाऊस, मग उत्तरेचा वारा, मग लख्ख निळं आकाश. बाहेरून दिवस सुंदर दिसतो, मासे मात्र काठावरून सरकून जवळच्या थोड्या खोल जागेत, फांद्यांत, गवतात दडतात आणि तोंड मिटून घेतात. अशा दिवशी जायचंच असेल तर लुर लहान करा, चाल निम्मी करा, आणि दुपारी दोननंतर जा.

कोणता काठ?

ही गोष्ट फार कमी लोक सांगतात, आणि नवख्याच्या सगळ्यांत कामाची आहे. तळ्याचा उत्तरेकडचा काठ आधी तापतो. तिथल्या कोपऱ्यांचं तोंड दक्षिणेकडे, म्हणजे दिवसभर ऊन. आणि मागच्या झाडीमुळे उत्तरेचा थंड वारा अडतो. दक्षिणेचा वारा सुटला तर तो वरचं गरम पाणी ढकलत याच काठाला आणून सोडतो. फोनवर नकाशा उघडा, सॅटेलाइट चित्र लावा, आणि उत्तर किंवा वायव्य बाजूला आत शिरलेले उथळ कोपरे शोधा. त्यांत एखादा ओढा येऊन मिळत असेल, तळ गडद रंगाचा असेल, पडलेलं झाड असेल, तर पहिली फेरी तिथेच. एप्रिलच्या सुरुवातीला एकाच तळ्याच्या उत्तर आणि दक्षिण काठात चार-पाच अंशांचा फरक स्वतः मोजून बघा, मग विश्वास बसेल.

जागांची नावं हवीच असतील तर थोडक्यात देतो. होडी नसलेल्याने सुरुवात डेलावेअर अँड रारिटन कालव्यापासून करावी. १८३४ साली सुरू झालेला हा कालवा आता स्टेट पार्क आहे. ट्रेंटनहून प्रिन्स्टन, किंग्स्टन, ग्रिग्सटाउनवरून न्यू ब्रन्सविककडे जातो आणि काठाने चालायला सलग वाट आहे. पाणी अरुंद, त्यामुळे लांब फेकता येत नसेल तरी अडत नाही. पुलाखाली, जुन्या दरवाजांजवळ, पाण्यावर झुकलेल्या झाडांखाली टाकत चाला. प्रिन्स्टनजवळचं कार्नेगी लेक, मर्सर काउंटी पार्कमधलं तळं, ईस्ट आणि नॉर्थ ब्रन्सविकमधलं फॅरिंग्टन लेक, असनपिंकची तळी, हॉवेलचा मॅनास्क्वान जलाशय, या सगळ्यांत बास आहे आणि काठावरून पोचता येतं. मर्सरला रोइंगवाल्यांची ये-जा असते, त्यांच्या मार्गात लुर फेकू नका. उत्तरेला लेक हॉपटकाँग, राज्यातलं सगळ्यांत मोठं तळं, अडीच हजार एकरांच्या आसपास. तिथला बराचसा काठ खाजगी डेकांनी, म्हणजे पाण्यावरच्या लाकडी धक्क्यांनी, भरलेला आहे, म्हणून स्टेट पार्कच्या बाजूने जा. राउंड व्हॅली जलाशयाचं पाणी निळंशार, देखणं, पण फार खोल आणि थंड. पहिल्या वर्षी तिथे फक्त डबा घेऊन फिरायला जा.

सामान: कमी घ्या

साडेसहा ते सात फुटांचा, मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड. २५०० साइझचं रीळ. ८ ते १० पौंडांची मोनोफिलामेंट दोरी. एवढ्यावर वसंत निघतो. दुकानदार बेटकास्टर, म्हणजे रॉडच्या वर बसणारं आडव्या चकरीचं रीळ, दाखवेल. पुढच्या वर्षी घ्या, नाहीतर अर्धा दिवस दोरीचा गुंता सोडवण्यात जाईल. लांब नाकाची पक्कड, छोटी कात्री, थर्मामीटर आणि पोलराइज्ड गॉगल. गॉगलशिवाय उथळ पाण्यातलं काहीच दिसत नाही आणि वसंतात दिसण्यावरच निम्मं काम असतं, म्हणून पैसे वाचवायचे तर रॉडवर वाचवा, गॉगलवर नको.

लुर चार प्रकारचे पुरेत. थंड पाण्यासाठी एक सस्पेंडिंग जर्कबेट, थांबवला की पाण्यात अधांतरी राहणारा: दोन झटके द्यायचे, मग थांबायचं. पाणी पन्नाशीच्या खालच्या टोकाला असेल तर दहा-दहा सेकंदसुद्धा. मासा थांबलेल्यावर येतो. दुसरा लिपलेस क्रँकबेट, मागच्या वर्षीच्या कुजक्या गवतावरून ओढायला. गवतात अडकला की हिसका देऊन सोडवा, त्याच क्षणी मासा झडप घालतो. तिसरा पांढरा, फिरत्या पात्यांचा स्पिनरबेट, गढूळ पाणी आणि वारा असेल तेव्हा. आणि चौथी, पाच इंची मऊ प्लास्टिकची जाड काडी, जिला सगळे सेन्को म्हणतात. मूळ ब्रँड गॅरी यामामोटोचा. आता डझनभर कंपन्या तशीच बनवतात. रंग ग्रीन पम्पकिन. दुसरा रंग विकत घ्यायचा मोह होईल, तो आवरा.

एक लुर नीट शिका

पहिल्या हंगामात एकच गोष्ट शिकायची असेल तर सेन्कोची वॅकी रिग. दिसायला हास्यास्पद आहे. काडीच्या बरोबर मध्यावर एक रबरी रिंग चढवायची, आणि १/० मापाचा गळ त्या रिंगखालून आडवा घालायचा, म्हणजे दोन्ही टोकं मोकळी लोंबतात. वजन लावायचं नाही. दोरीला गाठ पालोमार: दोरी दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून ओवा, साधी सैल गाठ मारा, उरलेल्या फासातून अख्खा गळ पार करा, थुंकीने ओली करा आणि ओढून आवळा. कोरडी आवळली तर दोरी जळते आणि नेमक्या मोठ्या माशाला तुटते.

फेकताना ज्या जागी मासा असेल असं वाटतं, पडलेलं झाड, दगडाची कड, डेकची सावली, तिच्या चार-पाच फूट पलीकडे टाका आणि सावकाश जागेवर आणा. डोक्यावर धप्पकन पडली तर मासा पळतो. काडी पाण्यात पडली की काहीही करू नका. रॉडचं टोक खाली, दोरी किंचित सैल, नजर दोरी पाण्यात शिरते त्या बिंदूवर. काडी स्वतःच दोन्ही टोकं थरथरवत खाली जाते, आणि बहुतेक मासे याच वेळी घेतात. गांडूळ लावून गरवताना बसतो तसा खणखणीत झटका इथे बसत नाही. दोरी बारीकशी उडते, किंवा बाजूला सरकायला लागते, किंवा दहा आकडे मोजून तळाला लागायला हवी ती चार आकड्यांतच थांबते. काय झालं असा विचार करत बसलात तर त्याने ती थुंकलेली असेल. सैल दोरी रिळात घ्या, वजन जाणवलं की रॉड एका बाजूला लांब ओढून घ्या. वर हिसडा मारायची गरज नाही, गळ बारीक आहे, बसतो.

काहीच झालं नाही तर रॉडचं टोक दोन फूट उचला, काडी पुन्हा पडू द्या. असं दोन-तीनदा, मग गुंडाळा आणि तीन पावलं पुढे. नवख्याचे हात सतत रीळ फिरवत राहतात; या रिगला ते मारक आहे.

फांद्या-गवत दाट असेल तर तीच काडी टेक्सास रिगने लावा: ३/० किंवा ४/० चा वाकड्या मानेचा ऑफसेट गळ, काडीच्या डोक्यातून थोडा आत, बाहेर, मग टोक पुन्हा काडीच्या अंगात लपवलेलं. अडकत नाही. पुढे पाव औंसाहून हलकी वजनाची गोळी लावली तरी चालते.

घरट्यावरचा बास

मेच्या सुरुवातीला, ऊन डोक्यावर असताना, गॉगल लावून उत्तरेकडच्या एखाद्या शांत कोपऱ्यात काठाकाठाने हळू चाला. दोन-तीन फूट पाण्यात, गडद तळावर परातीहून मोठा फिकट गोल दिसेल. बाकी तळावर गाळ-पाचोळा, आणि तेवढाच भाग झाडल्यासारखा. नराने शेपटी आपटून आपटून गाळ उडवलेला असतो, खालची वाळू, खडी किंवा गवताची मुळं उघडी पडलेली असतात. शक्यतो एका बाजूला ओंडका, दगड किंवा खांब, म्हणजे राखायला एक बाजू कमी. गोलावर एक काळपट सावली स्थिर उभी असेल. तुमची सावली पडली की ती सरकते, आणि मिनिटभरात परत तिथेच येते. तो नर.

मादी येते, अंडी टाकते, निघून जाते. अंडी हजारोंच्या संख्येत, तळाला चिकटलेली. पाणी गरम असेल तर तीन ते पाच दिवसांत पिल्लं बाहेर येतात, आणखी आठवडाभर घरट्यात राहतात, मग काळ्या ढगासारखा थवा करून वर येतात. या सगळ्या काळात राखण नराची. आपल्याकडे मरळ पिल्लांच्या थव्याखाली फिरते, तसाच हा. तो नीट खात नाही, पण घरट्यात शिरलेलं काहीही तोंडाने उचलून बाहेर टाकतो. म्हणूनच त्याला पकडणं सोपं. लुर घरट्यात टाकून थांबलं की भुकेने नव्हे, चिडून घेतो.

सोपं आहे म्हणून करावं का, यावर इथले गरवणारे तावातावाने भांडतात. कायद्याने, सोडून देणार असाल तर, मनाई नाही. स्पर्धावाले करतातही. माझं मत उलट आहे. नर घरट्यावरून उचलला की आजूबाजूला टपलेले ब्लूगिल, म्हणजे तळहाताएवढे छोटे सनफिश, आत घुसतात. बास हातात धरून तुम्ही फोटोची पोझ देत असता, तेवढ्या दोन-तीन मिनिटांत अंडी फस्त होऊ लागतात. एकदा स्वतः काठावर बसून बघा: नर फूटभर पुढे गेला तरी ब्लूगिल लगेच जवळ सरकतात. आणि नवख्याला त्याची गरजही नाही. घरटं दिसलं की तिथून वळा, त्याच कोपऱ्याच्या तोंडाशी, थोड्या खोल पाण्यात, पहिल्या गवताच्या कडेला वॅकी टाका. अजून न व्यालेल्या माद्या आणि पुढचे नर तिथे रांगेत असतात. त्या भुकेल्या असतात आणि वजनालाही भरतात.

न दिसणाऱ्या घरट्यावरचा मासा कधी नकळत लागतोच. मग वेळ घालवू नका. लागला त्याच जागी, पाण्यातच गळ काढा आणि सोडा. तो स्वतः घरट्याकडे परततो. फोटोसाठी पार्किंगपर्यंत नेऊ नका.

मासा हाताळणं

गळाचा उलटा काटा पकडीने आधीच चेपून टाका. मासे थोडे जास्त सुटतील, पण गळ एका हाताने निघतो, आणि तुमच्या बोटात घुसला तरीही निघतो. हात ओले करून घ्या, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. खालचा ओठ अंगठा-तर्जनीत धरा. बासचे दात कानशीसारखे बारीक, कापत नाहीत. मासा दोन पौंडांहून मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली. ओठाला धरून आडवा लोंबकळवला तर जबडा निखळतो. गळ घशात खोल गेला असेल तर ओढाताण नको, दोरी जवळून कापून सोडा. कापलेली दोरी आणि फाटक्या प्लास्टिकच्या काड्या खिशात घाला. बऱ्याच ठिकाणी दोरी टाकायला नळ्या लावलेल्या असतात. दोरीत अडकलेली कासवं आणि बदकं बघवत नाहीत.

स्वतःचीही काळजी. एप्रिल-मेमध्ये काठावरच्या गवतात टिक, म्हणजे गोचिडी, असतात आणि त्यांच्या चाव्यातून होणारा लाइम रोग न्यू जर्सीत चांगलाच पसरलेला आहे. पँट मोज्यात खोचा, कपड्यांना परमेथ्रिन हे कीटकनाशक आधीच मारून वाळवा, घरी आल्यावर गुडघ्यामागे, कंबरेला, काखेत, मुलांच्या केसांत तपासा. कायाकने जाणार असाल तर लाइफ जॅकेट अंगात घाला, मागे बांधून ठेवू नका. हवा सत्तरची असली तरी पाणी पन्नासचं असतं, आणि त्या पाण्यात पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत कामातून जातात.

मेअखेर आणि जून

व्यालेल्या माद्या आठ-दहा दिवस कशालाही तोंड लावत नाहीत. तळं रिकामं झालं असं वाटतं. या दिवसांत पहाटे आणि संध्याकाळी पाण्यावर तरंगणारा लुर, पॉपर किंवा बेडूक, काठाच्या गवताजवळून चालवा. पिल्लांचा थवा दिसला तर त्याला वळसा घालून जा. खाली बाप आहे.

पाणी सत्तरीजवळ पोचलं की ब्लूगिलची वीण सुरू होते. त्यांची घरटी वसाहतीने असतात, एकाला एक लागून दहा-वीस खड्डे. मोकळ्या झालेल्या मोठ्या माद्या त्या वसाहतीच्या खोल बाजूला येऊन थांबतात, आणि मेच्या सुरुवातीला अंडी चोरणारा ब्लूगिल आता त्यांचं जेवण होतो. वॅकी तिथेच चालते. मुलांना सोबत न्यायला हेच दिवस उत्तम: बास लागला नाही तरी गांडुळाच्या तुकड्यावर ब्लूगिल हटकून लागतात. लायसन्सशिवाय करून बघायचं असेल तर राज्य वर्षातून दोन दिवस गोड्या पाण्यातलं गरवणं मोफत ठेवतं. त्यातला एक जूनमध्ये असतो, तारीख साइटवर बघा.

१५ जून उलटला की बास घरी नेता येतो, पण "तळून कसा लागतो?" याचं उत्तर द्यायच्या आधी पाऱ्याबद्दल सांगायला हवं. बास दुसरे मासे खाऊन वाढतो, त्यामुळे त्याच्या मांसात पारा साठत जातो. मासा जितका मोठा आणि म्हातारा तितका जास्त, आणि दक्षिणेकडच्या पाइन बॅरन्सच्या आम्लधर्मी तळ्यांत तर आणखी. राज्य सरकार तळ्यागणिक किती वेळा खावा याची यादी काढतं. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी ती फार कडक आहे. चव विचाराल तर पांढरा, सौम्य, रवा लावून तळला तर वाईट नाही. पण ताटासाठीच मासा हवा असेल तर तळहाताएवढे ब्लूगिल किंवा यलो पर्च घ्या, यादीत त्यांच्यावरचीही मर्यादा बघून. नाहीतर ट्राउटचा स्टँप, म्हणजे त्या माशासाठी लागणारा वेगळा परवाना, लायसन्ससोबतच काढून ठेवा, वसंतात राज्य ओढ्यांत ट्राउट सोडतच असतं. काटे कमी, आणि हळद-तिखट-आगळ लावून तव्यावर घातला की घरचेही कुरकुर न करता खातात.